भावफलकाच्या मीडिया प्लेअरचे फर्मवेअर आखाजीआधी बदलावे का?

प्रश्नकर्ता, जळगाव
आमच्या सराफी पेढीत सोन्याचांदीचे भाव दाखवणारे दोन पडदे असून प्रत्येकामागे एक मीडिया प्लेअर आहे. एक अँड्रॉइड 9 वर चालतो, दुसरा 7.0 वर. पहिल्यावर वीज जाऊन आली की तास-दोन तास भावाऐवजी सुरक्षा प्रमाणपत्राची (सर्व्हर खरा असल्याच्या डिजिटल दाखल्याची) सूचना दिसते आणि मग तो आपोआप सुधारतो. दुसऱ्यावर मात्र भाव देणाऱ्यांनी सर्व्हर बदलल्यापासून तीच सूचना कायम आहे. विक्रेत्याने दोघांसाठी नवे फर्मवेअर (प्लेअर चालवणारी आतली मूळ प्रणाली) पाठवून ‘टाकून बघा’ एवढेच सांगितले. आखाजी (अक्षय्य तृतीया) दहा दिवसांवर आली आहे आणि विजेचा भरवसा नाही. काय करावे?

भुसावळहून उत्तर
सूचना एकच असली तरी दुखणी दोन आहेत. पहिल्याचे घड्याळ वीज गेल्यावर मागे जात असणार. तारीख 1970 सालची दिसली, तर प्रत्येक प्रमाणपत्र प्लेअरला ‘अजून सुरू न झालेले’ वाटते, आणि इंटरनेटवरून वेळ मिळाली की सगळे सुरळीत होते. त्याला फर्मवेअर नको. आत घड्याळाचा सेल असल्यास तो बदलावा. स्वस्त बॉक्समध्ये तो नसतोच, तेव्हा राउटर वेळेच्या सर्व्हरला अडवत नाही ना, एवढे पाहावे.

दुसऱ्याबाबत आधी नव्या सर्व्हरचे प्रमाणपत्र कोणाचे आहे ते विचारा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे असेल, तर त्यांचे मूळ (रूट) प्रमाणपत्र अँड्रॉइड 7.1.1 पासूनच ओळखले जाते, आणि जुन्या यंत्रांसाठीची जोडसोय 30 सप्टेंबर 2024 रोजी संपली. अशा वेळी फर्मवेअर हाच खरा उपाय, मात्र नव्या आवृत्तीत अँड्रॉइडही वर जाते, की केवळ विक्रेत्याचे ॲप, हे लेखी विचारून घ्यावे.

धुळ्याहून उत्तर
वरील निदान पटते. दुसऱ्या प्लेअरवर फर्मवेअर चढवताना फाइल नेमक्या त्याच मॉडेलची आहे ना, हे मागच्या पट्टीवरून ताडून पाहा आणि विक्रेत्याने एसएचए-256 (फाइल जशीच्या तशी आल्याची खात्री करण्याचा कोड) दिला असल्यास तो जुळवा. पेनड्राइव्ह 32 जीबी किंवा त्याहून लहान घेऊन फॅट 32 या साठवण-पद्धतीत फॉरमॅट करावी, कारण मोठ्या पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतात आणि बरेच प्लेअर त्या वाचतच नाहीत. फाइल फोल्डरमध्ये न ठेवता थेट पेनड्राइव्हवर ठेवावी व तिचे नाव बदलू नये.

विजेचे म्हणाल, तर इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या इन्व्हर्टरवर वीज पालटताना पडणारा क्षणाचा खंडही फर्मवेअर लिहिले जात असताना प्लेअरला कायमचा निकामी करू शकतो. संगणकाचा यूपीएस लावा. प्लेअरला टीव्हीच्या यूएसबीतून वीज मिळत असेल, तर तीही सोय आधी तोडा, नाहीतर टीव्ही झोपला की प्लेअरही गेला! (हा धडा मी एक बॉक्स गमावून शिकलो.) हे काम सकाळी पेढी उघडण्यापूर्वी करावे आणि आखाजीच्या आदल्या दिवशी तर मुळीच करू नये.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. पहिल्यावर तारीख खरोखरच 1970 निघाली. आत सेल नव्हता, राउटरमधील अडथळा काढल्यावर वीज घालवून पाहिली, तर भाव मिनिटभरात आले. दुसऱ्यासाठी विक्रेत्याने अँड्रॉइड 9 ची फाइल असल्याचे लिहून दिल्यावर आज सकाळी ती यूपीएसवर चढवली. भाव दिसतात, मात्र उभा पडदा आडवा झाला असून पडद्याची दिशा सेटिंगमधून पुन्हा द्यावी लागली.