पुरातत्त्वज्ञाने गणवेश घालावा का? मला वाटतं घालावा. तुमचं काय मत?

खापरवेचा:
मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून इथे टाकतोय. मध्ययुगीन पुरातत्त्वात पीएचडी करणाऱ्याने सोबत सैन्याच्या रिझर्व्हमध्ये (अर्धवेळ राखीव दलात) अधिकारी व्हावं का? म्हणजे वर्षभर विद्यापीठ, सीझनला उत्खनन आणि वर्षातले काही आठवडे गणवेशात वारसा संरक्षणाचं काम. ज्यांच्याशी बोललो त्यातल्या निम्म्यांनी मला वेड्यात काढलं, पण माझं मत पक्कं आहे.

युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठीच्या १९५४ च्या हेग कराराचं कलम ७ बघा. त्यात सरळ म्हटलंय की सांस्कृतिक वारशाची काळजी घेणारे तज्ज्ञ शांततेच्या काळातच सैन्यदलाच्या *आत* तयार करा. बाहेरून पत्र लिहिणारे प्राध्यापक पुरेसे नाहीत हे करार करणाऱ्यांना दुसऱ्या महायुद्धाने शिकवलं होतं. ब्रिटनने मात्र हा करार मंजूर करायला २०१७ उजाडवलं आणि २०१८ मध्ये सैन्यात त्यासाठी वेगळं युनिट काढलं.

आणि उदाहरण हवं असेल तर जॉन वॉर्ड-पर्किन्स. लंडन म्युझियमच्या मध्ययुगीन वस्तूंचा १९४० चा कॅटलॉग त्यांचा, आजही लोक बकल आणि चाव्यांचा काळ ठरवायला तोच उघडतात. हाच माणूस तोफखान्यात अधिकारी होता. १९४३ मध्ये लिबियात लेप्टिस मॅग्नाच्या रोमन अवशेषांत रडार स्टेशन बसवायला घेतलं होतं, तेव्हा पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर आणि वॉर्ड-पर्किन्स दोघेही तिथल्याच ब्रिटिश सैन्यात होते म्हणून तर ते थांबवता आलं. पुढे वॉर्ड-पर्किन्स इटलीत स्मारकं वाचवायच्या कामावर गेले आणि युद्धानंतर रोममधल्या ब्रिटिश स्कूल या संशोधन संस्थेचे संचालक झाले. तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यात बसल्या की नाही?

पुराव्यानिशी:
वॉर्ड-पर्किन्स सांगितलेत, मग टी. ई. लॉरेन्सपण (तोच 'लॉरेन्स ऑफ अरेबिया') सांगा ना. १९०९ ला सीरियात पायी फिरून क्रुसेडर (ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे) किल्ले बघितले, त्यावर ऑक्सफर्डला प्रबंध लिहिला, म्हणजे तुमच्याच विषयाचा माणूस. आणि १९१४ च्या सुरुवातीला तोच पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुलीबरोबर नेगेव्ह-सिनाईत "पुरातत्त्वीय सर्वेक्षण" करत होता, ज्याच्या आडून ब्रिटिश सैन्याचे इंजिनियर ऑटोमन मुलखाचे नकाशे काढत होते. वर्षभरात तिथे युद्ध सुरू.

याचे परिणाम अजून भोगतोय आपण. परक्या देशात उत्खननाचं परमिट मागायला गेलं की समोरचा अधिकारी मनात हाच हिशोब करतो, की हा खरंच खापरं मोजायला आलाय का. १९१९ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं की संशोधनाच्या नावाखाली हेरगिरी करणाऱ्यांनी विज्ञानाला बट्टा लावला, आणि मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने ठपका कोणावर ठेवला? बोआसवर! गणवेश आला की प्रश्न विचारणाराच गुन्हेगार ठरतो, हे मला जास्त घाबरवतं.

बुरूजावरून:
पुराव्यानिशी, लॉरेन्सचा मुद्दा मान्य, पण ती चोरून केलेली गोष्ट होती. इथे प्रश्न उघड गणवेशाचा आहे, दोन्ही एकाच मापाने का मोजताय?

मला मध्ययुगीन या शब्दावर बोलायचंय कारण तिथेच खरी गोम आहे. मध्ययुगीन वास्तू मुळातच लढाईसाठी बांधलेल्या किंवा उंचावर मोक्याच्या जागी, त्यामुळे नऊशे वर्षांनीसुद्धा लढणाऱ्याला त्या उपयोगी वाटतात. सीरियातला क्राक दे शेवालिए हा क्रुसेडर किल्ला २००६ मध्ये जागतिक वारसा झाला आणि काही वर्षांत सीरियाच्या यादवीत त्यात परत सशस्त्र लोक बसले, तोफा आणि बॉम्बचा मारा झाला. अलेप्पोच्या मोठ्या मशिदीचा अकराव्या शतकातला मिनार एप्रिल २०१३ मध्ये दोन्ही बाजूंच्या गोळीबारात कोसळला. इटलीतला मोंते कासिनोचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी पाडला, का तर आत जर्मन आहेत असा संशय, आणि जर्मन खरोखर त्या ढिगाऱ्यात शिरले ते बॉम्ब पडल्या*नंतर*. भग्न भिंती तर लपायला आणखी सोयीच्या! जी इमारत वाचवायची तीच सैन्याला ठाणं म्हणून दिसते, तर हे सैन्याच्या भाषेत समजावणारा कोणीतरी त्या टेबलाशी बसलेला हवाच.

पुराव्यानिशी:
आणि कासिनोच्या वेळी टेबलाशी कोणी नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? इटलीत स्मारकांचे अधिकारी १९४३ पासूनच होते, तरी मठ गेला. करारातसुद्धा "लष्करी गरज" नावाची पळवाट ठेवलीये, आणि गरज आहे की नाही हे कमांडर ठरवतो, पुरातत्त्वज्ञ नाही. इराकवर हल्ला व्हायच्या आधी २००३ ला ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने एका पुरातत्त्वज्ञाला महत्त्वाच्या जागा विचारल्या, त्याने दिल्या. अमेरिकन संशोधकांनीही त्यांच्या सैन्याला सावध केलं होतं. एप्रिलमध्ये बगदाद म्युझियम लुटलं गेलंच, सुमारे १५,००० वस्तू. मग सल्ला देऊन हाती काय आलं? हल्ल्याला सुसंस्कृतपणाचा शिक्का मात्र मिळाला. हे बोलताना मला राग येतो आणि तो लपवायचा नाहीये.

कोरी_वही:
मी तत्त्वाच्या वादात पडत नाही, करिअरचं बोलते कारण मी शिकवते. रिझर्व्हचं ट्रेनिंग नेमकं सीझनच्या महिन्यात येतं, मग उत्खनन अर्धवट सोडून जा, ट्रेंच (उत्खननाचा खड्डा) दुसऱ्याच्या ताब्यात द्या, आणि थरांच्या नोंदी अर्ध्या तुमच्या अक्षरात अर्ध्या त्याच्या, नंतर रिपोर्ट लिहिताना दोन्ही जुळवताना रडू येतं. शिवाय गणवेशात जे बघाल ते गोपनीय. म्हणजे तुमचा सगळ्यात महत्त्वाचा अनुभव पेपरमध्ये येणारच नाही, आणि नेमणूक समिती पेपर मोजते. विद्यार्थ्यांना मी हे स्पष्ट सांगते. तरी जायचं असेल तर नोकरी पक्की झाल्यावर जा.

खापरवेचा:
कोरी_वही, नोंदींचं अगदी खरं आहे, पटलं.

पुराव्यानिशी, तुमचा राग मला समजतो, पण बगदादच्या पुढे बॅबिलोनला, इराकमधल्याच त्या प्राचीन शहराला, काय झालं तेही बघा. तिथे परदेशी सैन्याने २००३-०४ मध्ये तळ टाकला, चर खणले, गाड्यांनी मिरवणूक मार्गाच्या विटा फोडल्या, वाळूच्या पिशव्या भरायला तिथलीच माती उपसली. त्या पिशव्यांत खापरं आणि हाडं होती. कोणी मुद्दाम केलं नाही हो, भरणाऱ्याला ती फक्त माती दिसली.

मी खणतो ती मध्ययुगीन वस्ती लाकडी घरांची आहे. घर म्हणजे काय उरलंय तर गवंड्याच्या करणीने माती हलकेच खरवडली की पिवळ्या मातीत एक काळपट गोल दिसतो, वाटीएवढा. तिथे खांब होता, तो कुजला, त्याची माती वेगळी झाली. असे आठ-दहा गोल एका रेषेत आले की एक भिंत. ऊन चढलं आणि माती सुकली की तेही दिसेनासे होतात, मग पाणी शिंपडून परत बघायचे. हे कुठल्या यादीत येणार, कुठल्या नकाशावर निळी ढाल (हेग करारातली संरक्षित वारशाची खूण) लावणार? चर कुठे खणायचा ते ठरवणाऱ्या माणसाच्या शेजारी हे ओळखणारा उभा असेल तरच वाचेल. म्हणून म्हणतो, आत.

बुरूजावरून:
याला जोडून, उलट दिशेनेही होतं हे. ब्रिटनमध्ये २०११ पासून ऑपरेशन नाइटिंगेल चालू आहे, जखमी झालेले सैनिक उत्खननावर. सॉल्सबरी मैदानाच्या लष्करी हद्दीत बॅरो क्लंप नावाच्या टेकाडात सहाव्या शतकातलं अँग्लो-सॅक्सन दफनस्थान होतं आणि बिज्जू बिळं करून हाडं बाहेर काढत होते, ते या सैनिकांनी नीट खणून वाचवलं. युद्धातून आलेल्या माणसांनी ढालीसकट पुरलेल्या माणसांना हाताने उघडं केलं, मला हे फार मोठं वाटतं.

पुराव्यानिशी:
नाइटिंगेलला माझा विरोध नाहीच, उलट आदर आहे. सैनिक पुरातत्त्वाकडे आला, त्यात कोणाचा विश्वास मोडत नाही.

मोसुलचं सांगतो. अल-नूरी मशिदीचा बाराव्या शतकातला कललेला मिनार २१ जून २०१७ ला आयसिसने उडवला. नंतर दुरुस्तीच्या वेळी प्रार्थनागृहाच्या जमिनीखाली बाराव्या शतकातल्या चार खोल्या मिळाल्या, आणि २०२४ मध्ये भिंतीत दडवलेले पाच बॉम्ब सापडले. बॉम्ब इराकी सैन्याने हाताळले, दगड बघणारे वेगळे. दोघे एकाच भिंतीपाशी, पण दोन वेगळे हुद्दे. मला तुमच्या त्या काळ्या गोलांसाठीसुद्धा एवढंच हवंय, सैन्यात प्रशिक्षण द्या, अधिकाऱ्यांना साइटवर आणा, माती दाखवा, पण पगार त्यांचा घेऊ नका.

खापरवेचा:
प्रशिक्षण देऊन आलेला सिव्हिलियन आदेश लिहिताना खोलीत नसतो, माझी अडचण तिथेच आहे. पण परक्या देशात खणताना माझा रिझर्व्हचा हुद्दा मी परमिटच्या अर्जातच लिहीन, पहिल्या पानावर. नाकारलं तर नाकारलं, तो त्यांचा हक्क आहे.

कोरी_वही:
हे लिहून दिलंत तर मी माझ्या विद्यार्थ्यांना तुमचा अर्ज नमुना म्हणून दाखवेन. आणि ट्रेंच सोडून जाताना नोंदवही भरून जा बाबा.