आधी प्रसंग, मग तत्त्वं
विद्यार्थ्यांना आधी वैद्यकीय नीतितत्त्वं शिकवावीत, उदाहरणं नंतर, असं एक मत आहे. मला नेमकं उलट वाटतं. मी वर्गात थेट परिचारिका अरुणा शानबाग यांच्यापासूनच सुरुवात करते. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला, मग २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्यासाठी लेखिका पिंकी विराणी यांनी केलेली दयामरणाची याचिका २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्यांच्या वतीने बोलायचा हक्क याचिकाकर्तीचा नाही, तर वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं ठरलं. (काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायची वाटही याच निकालाने उघडली, हे मुलं हमखास विसरतात.)

एकदा नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, रोज कूस बदलणाऱ्यांना विचारलं ते योग्यच. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं?" वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मी फळ्यावर लिहिलं: स्वायत्तता.