शब्दचर्चा : शेकोटी, झील आणि ‘गाणं म्हणणं’

(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं गाव दिलं आहे.)

खानापूर

एका शब्दापायी चार दिवस अडून बसलेय. जांबोटीकडे ओळखीच्यांच्या काजूच्या बागेत येत्या पौषात चार रात्रींचं एक जमणं ठरलंय. मंच नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, तिकीट नाही. आपापलं ताट-तांब्या घेऊन यायचं, मिळून रांधायचं आणि रात्री जाळाभोवती बसून गायचं. हे खूळ आणलं ते गोव्यात हरमलला बरीच वर्षं काढून इकडे राहायला आलेल्या एका जोडप्यानं. बाहेर देशांत ‘रेनबो गॅदरिंग’ म्हणून जे भरतं, तिथं ते जाऊन आलेत. १९७२च्या जुलैत अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात पहिलं भरलं, १९८३ला युरोपातलं पहिलं, स्वित्झर्लंडात. पुढारी कुणी नाही, सभासद व्हायचं नाही, आला तो आपला. जेवणाआधी सगळे हातात हात घेऊन गोल उभे राहतात आणि ‘ॐ’चा सूर लावतात. जेवण झालं की गाणारे एक टोपी घेऊन फिरतात, तिला ‘मॅजिक हॅट’ म्हणतात. ज्याला जे जमेल ते त्यानं टाकायचं, त्यातून उद्याचा शिधा. आणि रात्री शेकोट्या, गाणी.

पत्रक इंग्रजीत आहे, मराठी करायचं माझ्या गळ्यात पडलंय. मी पहिल्या झटक्यात लिहिलं, ‘शेकोटीभोवती समूहगान’. मग परत वाचलं, तर पांढरे सदरे, निळ्या चड्ड्या आणि पेटीवर बसलेल्या बाई डोळ्यांपुढे आल्या. समूहगानाला तालीम लागते, परीक्षक लागतात, उंचीप्रमाणे ओळीत उभं राहावं लागतं. जाळापाशी यातलं काहीच नसतं. एकाला गाणं येत असतं, बाकीच्यांना येत नसतं, आणि तरी सगळे गात असतात. याला आपल्यात शब्द काय?

बेळगाव, शहापूर

समूहगान नकोच. पण त्याआधी ‘कँपफायर’ही नको, असं माझं मत. शाळेत स्काउट बघत तीस वर्षं गेली, म्हणून सांगतो. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर पोरांचं शिबिर घेतलं, तिथपासून संध्याकाळचा जाळ, गाणी आणि गोष्टी हा स्काउटाचा ठरलेला भाग. आपल्याकडे तो शब्द तिथून, मग एनसीसीतून, आणि १९६९ नंतर एनएसएसच्या शिबिरांतून खेड्यापर्यंत गेला. त्याच्या मागं शिट्टी ऐकू येते. नऊ वाजता सुरू, दहाला बंद, कापडी पट्टी बांधलेला एक जण ‘आता पुढचा गट’ म्हणतोय.

कन्नडात ‘शिबिराग्नि’ म्हणतात. आमच्या शाळेनं एकदा पत्रिकेवर मराठीतही ‘शिबिराग्नी, रात्री ८’ असं छापलं. एका आईचा फोन आला : आग कशानं लागली सर, पोरं बरी आहेत नव्हं?

शेकोटीच लिहा ताई. आग लागते, जाळ होतो, विस्तव चुलीत असतो. शेकोटी तेवढी माणसं शेकायला करतात. शब्दातच माणूस आहे.

येळ्ळूर

आमच्यात म्हातारी माणसं आगटी म्हणतात. शेकोटी आम्ही शाळेतच शिकलो.

हल्याळ

मी म्हणतो ‘धुनी’ लिहा. गोव्याकडच्या त्या लोकांच्या तोंडी स्वतःच हा शब्द असतो. मी एकदा हरमलच्या किनाऱ्यावर सूर्य बुडताना ढोल वाजवत बसलेले त्यांचे घोळके पाहिलेत. नंतर जाळाभोवती बसले तर त्याला ‘धुनी’च म्हणत होते, उच्चार आपल्यापेक्षा गोड.

खानापूर

त्या जोडप्याचीही तीच इच्छा. जाळात प्लॅस्टिक, खरकटं, काहीही टाकायचं नाही, ओलांडायचं नाही, चारही रात्री विझू द्यायचा नाही, असा त्यांचा नेम. ऐकून मलाही धुनीच आठवली. पण धुनी गोसाव्याची, नाथपंथी जोग्याची. तिच्यापुढे आपण हात जोडतो, अंगारा लावतो. तिच्यापुढे मांडी घालून सिनेमातलं गाणं म्हणायची माझी तरी छाती नाही. आणि आमच्या जाळात रताळी भाजायची आहेत.

निपाणी

ताई, तुमचा शब्द नामात नाही, क्रियापदात आहे.

आपण गाणं गात नाही, म्हणतो. ‘एक गाणं म्हण की’ असं पोरीला सांगितलं तर ती लाजत का होईना, म्हणते. ‘गा’ म्हटलं की तिला तंबोरा पाहिजे. आरती म्हणतात, पाळणा म्हणतात, हादग्याची गाणी म्हणतात, शेतात भलरी म्हणतात. गाणारा तो गवई. म्हणणारा कुणीही असतो, गळा कसाही असला तरी चालतो. अपवाद आहेत, कबूल. जात्यावर बाई ओवी ‘गाते’, शाहीर पोवाडा ‘गातो’. मला विचाराल तर ओवीचं कारण हे की तिथं एकटी-दुकटी बाई असते आणि शब्दांत ती स्वतःचं घालते. दहा तोंडांनी मिळून जे होतं ते म्हणणं.

आता दहा तोंडं म्हणतात कशी, ते बघा. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या मळणीला पलीकडच्या वाडीतले कन्नड गडी यायचे. रात्रभर पात, म्हणजे बैलांची मळणी चालायची. तिवड्याभोवती, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती बैलं, बैलांच्या मागं एक जण, आणि खळ्याच्या कडंला कडब्याची बुडखं पेटवून शेकत बसलेले बाकीचे. मागं फिरणारा हंतीचं पद, म्हणजे मळणीचं कन्नड गाणं म्हणायचा. त्याची ओळ अर्ध्यात आली की बसलेले ती उचलायचे. तो फिरून पलीकडं गेला की आवाज लांब जायचा, मग मधला भाग बसलेल्यांनीच सांभाळायचा, तोवर तो बैलांसकट परत यायचा. मला कन्नडचं अक्षर कळत नव्हतं. पण ओळीचं शेपूट मला पाठ होतं, ते मी सगळ्यांच्या बरोबर म्हणायचो आणि माझंच गाणं असल्यासारखा ऐटीत बसायचो. तिथली भाषा अशी : एकानं ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची.

याला जुना आणि नेमका शब्द आहे, झील. शाहिराच्या मागं उभे राहून ‘जी जी रं जी’ करतात ते झीलकरी. झील धरतात, झील देतात. आपल्या जिल्ह्यात कन्नडात गीगी पद आहे, तिथं मागचे ‘गी गी’ म्हणतात आणि त्यावरनंच त्या प्रकाराला नाव पडलं. हातात तोच डफ, तेच तुणतुणं. चिकोडीच्या बाजारात डोळे मिटून ऐकलं तर गी का जी, एवढाच फरक. मागच्यांना कन्नडात ‘हिम्मेळ’ म्हणतात. हिंदे म्हणजे मागं.

वारकऱ्यांत याच कामाला ध्रुपद धरणं म्हणतात. तुकोबांनी स्वतःची हकीकत सांगितली आहे त्या अभंगात ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’ असं ते म्हणतात. म्हणजे एवढा मोठा माणूसही आधी दुसऱ्याच्या मागं उभा राहून धरत होता. ‘धरणे’ हे क्रियापद ध्यानात ठेवा. ‘री ओढणे’ हा त्याच घरातला वाक्प्रचार, पण त्याची आता शिवी झाली. झील अजून स्वच्छ आहे.

बेळगाव, टिळकवाडी

काका, एक शंका. आमच्या वयाच्या कुणालाही ‘झील धरायला या’ म्हटलं तर हिंदीतली झील, म्हणजे तळं वाटेल. पोहायचे कपडे आणू का, म्हणून विचारतील. मी स्वतः आत्ता तसंच वाचलं.

निपाणी

आणू देत. जांबोटीला मलप्रभा आहे, कणकुंबीहून खाली आलेली. सकाळी पोहा, रात्री धरा.

बेळगाव, शहापूर

निपाणीकर काकांचं ‘म्हणणे’ पटलं. वर्गात पोरं ‘सॉंग गाऊ का’ विचारतात तेव्हा मला का खटकतं, ते आज कळलं.

आता ताईंनी न विचारलेला शब्द. पत्रकात ‘सर्कल’ आलं असणार. त्याचं काय केलंत?

खानापूर

पाच वेळा आलंय! ‘वर्तुळ’ लिहिलं तर कंपास पेटी आठवते. ‘रिंगण’ चांगला होता, पण रिंगणात घोडा धावतो, मधली जागा मोकळी असते आणि बघणारे कडेला. ‘फेर’ हादग्याचा, पाटावर हत्ती मांडून त्याच्याभोवती आम्ही फिरायचो. गाणीही तिथं एक सांगते, बाकीच्या म्हणतात, म्हणजे काकांची झीलच. पण फेर उभ्यानं धरायचा असतो. हे लोक बसलेले. बसलेल्या लोकांना माझ्या आईचा शब्द ‘कोंडाळं’. ‘काय कोंडाळं करून बसलायसा?’ नेमका तोच लिहिला.

येळ्ळूर

खोडा लगेच. कोंडाळा म्हणजे कचऱ्याचा. आमच्या गल्लीच्या तोंडाला सिमेंटचा गोल होता, त्याला सगळे कोंडाळाच म्हणायचे. ‘सर्वांनी कोंडाळ्यात यावे’ असं पत्रकात छापलं तर लोक घरचा केर घेऊन येतील.

खानापूर

हसून मुरगळा पडला. ठीक, कोंडाळं बोलण्यात राहू दे. पत्रकात ‘गोल करून बसायचं’ एवढंच. नाम कशाला पाहिजे दर वेळी.

हल्याळ

आणि ‘गॅदरिंग’ला मेळावा का?

बेळगाव, टिळकवाडी

बेळगावात मेळावा? थंडीत? कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आणि त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पत्रकावर ‘मेळावा’ वाचलं की पहिला प्रश्न, परवानगी मिळाली का. त्यात ‘पर्यायी मेळावा’ लिहिलंत तर मग बघायलाच नको. पहिल्याला नाकारली म्हणून दुसरीकडे घेतलाय, असाच अर्थ होतो.

खानापूर

अगदी तसंच झालं. बागेच्या मालकांना कच्चं पत्रक दाखवलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर सारून विचारलं, ‘ह्यात भाषणं कोण करणार?’ कुणीच नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. ‘मग एवढी माणसं काय करूलालाय जमून?’ गाणी म्हणणार, म्हटलं. ‘आणि?’ आणि काही नाही. हे ‘आणि काही नाही’ मराठीत पटवून द्यायला मला अर्धा तास लागला. शेवटी त्यांच्या सुनेनंच तोड काढली : सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत पौर्णिमेला बैलगाड्या सोडून लोक माळावर राहतात, रात्री जाळ करून चौंडकं वाजवतात, तसंच की मामंजी. तेव्हा त्यांनी मान हलवली. ‘मुक्काम म्हणा की मग.’

मुक्कामच ठेवला. वारीतला, यात्रेतला, सगळ्यांना कळणारा. ‘पर्यायी’ गाळून टाकलं. त्याच्याऐवजी ‘मंच नाही, भाषण नाही’ लिहिलं, अर्थ तोच.

कन्नड बाजूसाठी आमच्या शेजाऱ्यांनी ‘संतोषकूट’ सुचवला. त्यांच्यात कूट म्हणजे जमणं. माझ्या डोक्यात शेंगदाण्याचं कूट. म्हटलं, तुमच्या बाजूला खुशाल लिहा.

बेळगाव, शहापूर

त्या टोपीचं काय केलंत? ‘जादूची टोपी’ असं सरळ लिहिलं तर पोरं ससा निघायची वाट बघत बसतील.

खानापूर

टोपी काढून टाकली. ‘गाणी म्हणत ताट फिरेल’ असं लिहिलंय. कीर्तनाच्या शेवटी आरतीचं ताट फिरतं, कुणी नोट टाकतो, कुणी नुसता हात लावून कपाळाला नेतो, दोघांकडेही कुणी बघत नाही. त्या जोडप्याला हे समजावून सांगितलं तर बाई म्हणाल्या, आमचीही टोपी अशीच फिरते. कुणी नाणं टाकतं, कुणी आत फुंकर घालून पुढं देतं.

आता राहिली मूळ ओळ. काकांचं ऐकून ‘गाणी म्हणणे’ पक्कं. पण गाण्यांना नाव? आपण गाण्याला जागेवरून नाव देतो. जात्यावरची ओवी, मोटेवरची गाणी. त्या चालीवर ‘शेकोटीवरची गाणी’?

येळ्ळूर

शेकोटीवर कणीस असतंय.

निपाणी

येळ्ळूरकर बरोबर बोलले. जातं हातात असतं, मोटेवर माणूस असतो, म्हणून ‘वरची’. शेकोटीवर बसला तर गाणं वेगळंच निघंल. हादग्याची, पंचमीची, तशी ‘शेकोटीची गाणी’. आणि गाणी कुठली म्हणायची हे पत्रकात लिहू नका. मी येईन म्हणतो, गुडघे साथ देतील तर. हंतीच्या पदाचं शेपूट अजून येतं मला. पुढचं कुणाला येत असंल तर सोडा, मी उचलतो.

बेळगाव, टिळकवाडी

मीपण येते. मला काहीच येत नाही.

खानापूर

तेच लिहिलंय बघ. छापायला देण्याआधी एकदा नजर घाला सगळे :

‘रात्री जेवणानंतर शेकोटीची गाणी. गोल करून बसू. ज्याला येतं त्यानं ओळ सोडावी, येत नाही त्यानं झील धरावी. पांघरूण आपलं आपण आणावं. रताळी आहेत.’

मागच्या बाजूला कन्नड. तिथं शेजाऱ्यांनी झीलच्या जागी हिम्मेळ घातलंय.

बेळगाव, शहापूर

छान. फक्त ‘झील’ दीर्घ आहे ना, ते छापणाऱ्याला दोनदा सांगा.