छोट्या कुत्रीला मायक्रोचिप बसवावी की नाही?

प्रश्न : हरिपूर रस्ता, सांगली

नमस्कार. आमच्या घरी चार वर्षांची पॉमेरेनियन कुत्री आहे. नाव चिंगी, वजन जेमतेम साडेतीन किलो. येत्या आठवड्यात तिची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि त्याच भुलीत मायक्रोचिपही बसवून घ्यावी, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. खर्चाचा प्रश्न नाही. पत्नीचे म्हणणे असे, की एवढ्याशा जिवाच्या अंगात काचेची कुपी कायमची ठेवायची तर तिचा नेमका उपयोग काय, हे आधी समजले पाहिजे. वडिलांचा मुद्दा त्याहून सरळ आहे : गळ्यात पट्टा आहे, पट्ट्यावर फोन नंबर आहे, मग आणखी कशाला?

माझ्या मनात मात्र २०१९ चा महापूर आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा या भागातील अनेकांनी दावी सोडून जनावरे मोकळी केली, आणि पाणी ओसरल्यावर कोणाचे कुत्रे कोठे गेले याचा पत्ता लागेना. पुन्हा तशी वेळ आली तर चिपमुळे चिंगी सापडेल का? आणि इतक्या लहान कुत्रीला तिचा काही त्रास होईल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त पशुवैद्यक, सातारा जिल्हा

पहिली गोष्ट स्पष्ट करतो, कारण बहुतेकांचा गैरसमज येथेच होतो. चिपवरून कुत्रे कोठे आहे हे कळत नाही. तिच्यात बॅटरी नसते, त्यामुळे ती आपणहून कोणताही संदेश पाठवत नाही. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि पंधरा अंकी क्रमांक सांगते. त्या क्रमांकापुढे आपले नाव आणि फोन कोठेतरी नोंदलेला असेल तरच पुढचा धागा जुळतो. आपल्या भागातील शेतकऱ्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही : गाई-म्हशींच्या कानात जो बारा अंकी पिवळा बिल्ला मारतात, त्याचीही किंमत संगणकावर झालेल्या नोंदीइतकीच असते.

त्रासाविषयी. नेहमीची चिप सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते. त्याहून लहान, साधारण ८ मिलिमीटर लांब आणि १.४ मिलिमीटर जाड अशीही मिळते, आणि साडेतीन किलोच्या कुत्रीसाठी मी तीच मागवा असे म्हणेन. दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीच्या खाली ती सुईने सोडतात. लसीच्या सुईपेक्षा ही सुई बरीच जाड असते, म्हणून जागेपणी कुत्री एकदा कळवळते; भुलीत असेल तर तोही प्रश्न उरत नाही. काही कुत्र्यांत चिप मूळ जागेवरून सरकून खांद्याकडे किंवा पुढच्या पायाकडे जाते. त्याने अपाय होत नाही, मात्र तपासणाऱ्याने स्कॅनर फक्त मानेवर न धरता दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवावा लागतो. चिपच्या जागी गाठ आल्याची कुत्र्यांतील उदाहरणे जगभरात अगदी मोजकी आहेत. प्रयोगशाळेतील उंदरांत ती अधिक दिसली, आणि भीती पसरली ती तेथून. माझ्या मते त्या कारणाने चिप टाळण्यात अर्थ नाही.

चिप ११७८४ आणि ११७८५ या आयएसओ मानकांची, म्हणजे १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारी आहे, याची खात्री करून घ्यावी. सुई टोचण्याआधी चिप पाकिटात असतानाच एकदा स्कॅन करायला सांगावे आणि टोचल्यावर पुन्हा. दोन्ही वेळा पडद्यावर दिसलेला क्रमांक पाकिटावरच्या स्टिकरशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा.

उत्तर : शाहूपुरी, सातारा

डॉक्टरसाहेबांनी तांत्रिक बाजू नेमकी मांडली आहे. मी व्यवहाराची मांडतो. आमच्या कुत्र्याला चिप आहे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या फटाक्यांना बिचकून ते पळाले आणि गोडोलीत एका घराच्या पायरीखाली जाऊन बसले. त्या घरच्या काकूंनी पट्ट्यावरचा नंबर वाचून आम्हाला फोन केला. चिपचा विचार कोणाच्या मनातही आला नाही, आणि आला असता तरी काकूंकडे स्कॅनर कोठून असणार?

त्या निमित्ताने दुसऱ्या एका दवाखान्यात चिप तपासून घेतली, तेव्हा ती व्यवस्थित वाचली गेली. परंतु त्या क्रमांकावर कोणाचेच नाव नव्हते. जेथे चिप बसवली त्या दवाखान्याने स्टिकर हातात दिले होते, पैसे घेतले होते आणि नोंदणी आपल्याकडून होईल असे सांगितले होते. ती झालीच नव्हती. विचारल्यावर मिळालेले उत्तर येथे लिहिण्यासारखे नाही.

अमेरिकेत ५३ निवाऱ्यांमधील नोंदींवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे आलेल्या भटकलेल्या कुत्र्यांपैकी एकूण सुमारे २२ टक्के मालकांकडे परत गेली, तर चिप असलेल्यांपैकी ५२ टक्के. हा फरक मोठा आहे, पण तेथे निवाऱ्यात आलेल्या कुत्र्यावर स्कॅनर फिरवण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना चिप सक्तीची आहे आणि नोंद अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. आपल्याकडे पाळीव कुत्र्यांची देशभर मिळून एकच सक्तीची नोंदवही नाही. पुराच्या छावणीत स्कॅनर घेऊन कोणी उभा असेल, अशी आशा मी तरी धरणार नाही. चिप जरूर बसवा, पण आपल्या वडिलांचा पट्टा काढू नका.

उत्तर : कराड

कुत्री कधी परदेशी नेण्याची शक्यता आहे का? असेल तर क्रम फार महत्त्वाचा आहे. युरोपीय संघातील देशांत आधी चिप आणि मग रेबीजची लस, असाच क्रम मान्य होतो. चिपच्या आधी दिलेली लस प्रवासासाठी धरली जात नाही. भारतातून जाताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. आमच्या मुलीने जर्मनीला कुत्रे न्यायचे ठरवले, तेव्हा त्याच्या जुन्या लसींचे पुस्तक भरलेले असूनही सगळे पहिल्यापासून करावे लागले.

प्रश्नकर्ता : हरिपूर रस्ता, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. कराडच्या उत्तराने आमच्या घरातला वाद अनपेक्षितपणे मिटला, कारण धाकटा भाऊ नेदरलँड्समध्ये असतो आणि आई-वडील पुढेमागे काही महिने त्याच्याकडे राहायला जाणार आहेत; चिंगीला मागे ठेवून वडील जातील हे संभवत नाही. चिप बसवण्याचे निश्चित केले आहे. डॉक्टरांकडे स्कॅनर आहे, तो मी काल पाहून आलो. लहान चिप ते मागवून देणार आहेत, आणि रेबीजची वार्षिक लस याच महिन्यात येते, ती चिपनंतर देण्याचे ठरले आहे.

एकच शंका उरली. नोंदणी माझ्या नावावर करावी की वडिलांच्या?

उत्तर : निवृत्त पशुवैद्यक, सातारा जिल्हा

कुत्री ज्यांच्यासोबत प्रवास करणार, त्यांचे नाव. म्हणजे वडिलांचे. पर्यायी संपर्क म्हणून आपला फोन नंबर द्यावा, आणि नोंदणी दवाखान्यावर न सोपवता चिप बसवली त्याच दिवशी स्वतः करावी. नंतर त्याच संकेतस्थळावर क्रमांक टाकून नाव दिसते का, ते पाहावे. लसीच्या पुस्तकात चिपचे स्टिकर आणि बसवल्याची तारीख डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह घ्यावी. विमानतळावर क्रमांकाइतकीच ती तारीखही पाहिली जाते, आणि रेबीजच्या लसीची तारीख तिच्या आधीची असता कामा नये.