रिम ब्रेकवाल्यांनी काय सायकली भंगारात घालायच्या का? (रिम निवडीवर, जरा चिडूनच)

बोपदेव_रोजचा:
परवा वॅट_मीटर यांनी इथे ठोकून दिलं की आता अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर चाक बांधून घेणं म्हणजे पैसे पाण्यात, घ्यायचं तर पन्नास मिमी खोल रिमचं कार्बन घ्या नाहीतर कंपनीची चाकं आहेत तीच फिरवा. बरं, हे सांगितलं कुणाला? तर ज्याच्याकडे रिम ब्रेकची जुनी शिमानो १०५ गिअरवाली सायकल आहे, वजन नव्वदच्या घरात आहे आणि ज्याला पहिली २०० ची ब्रेवे (ठरलेल्या वेळात २०० किमीची राईड) करायचीय अशा पोराला. त्याने बिचाऱ्याने साधं विचारलं होतं की रिम एच प्लस सनची आर्किटाइप घेऊ, डीटी स्विसची आर ४६० घेऊ की किनलिनची ३१ टी. तिन्हींबद्दल एक अक्षर नाही, थेट "कार्बन घे". वर पाच जणांचे अंगठे.

म्हणून सविस्तर लिहितोय. रिम ब्रेकच्या सायकलीत रिम हाच ब्रेकचा अर्धा भाग असतो, म्हणजे ती झिजणारच. पावसाळ्यात जुन्या हायवेने लोणावळ्याला जाऊन आलं की ब्रेक रबर काढून बघा, आत अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसतील, ते टाचणीने उकरून काढले नाहीत तर तेच कण पुढच्या राईडला रिम खरवडत बसतात. स्टीलची पट्टी ब्रेकच्या पट्ट्यावर आडवी धरा, मधून उजेड दिसला की समजायचं भिंत आत गेली. म्हणजे दोन-चार वर्षांनी रिम बदलावी लागणार हे गृहीत धरूनच निवडायची, आणि त्यात पहिला प्रश्न वजनाचा नाही, पुन्हा मिळेल का हा आहे. ईआरडी (ज्यावरून स्पोकची लांबी ठरते तो रिमचा व्यास) जुळणारी रिम मिळाली की काम सोपं, नवी रिम जुनीला टेपने चिकटवायची, एकेक स्पोक जुनीतून सोडवून नवीत अडकवायचा, हब तोच, स्पोक तेच, संध्याकाळपर्यंत चाक तयार.

आता तिन्ही रिम. आर्किटाइप बाहेरून २३ मिमी रुंद, २५ खोल, दिसायला देखणी, पण काळी अ‍ॅनोडाइज्ड घेतली तर ब्रेकच्या पट्ट्यावरचा काळा थर निघून जाईपर्यंत ब्रेक किंचाळतात आणि धरतही नाहीत नीट, शिवाय काही टायर चढवताना अंगठ्यांची सालं निघतात. आर ४६० आतून १८ मिमी, ट्यूबलेस चालते, दिसायला अगदी सरकारी. ३१ टी जरा खोल आणि आतून १९, त्यामुळे २८ चा टायर छान बसतो, फक्त तुमच्या ब्रेकच्या कमानीतून तो फुगलेला टायर जातो का ते आधी बघा. माझं मत, मागे ३२ भोकांची आर ४६०, पुढे २८ किंवा ३२, तीन क्रॉस (एक स्पोक तिघांना ओलांडून), पितळी निपल (स्पोक रिममध्ये आवळणारी बारीक नटं). विषय संपला.

वॅट_मीटर:
विषय संपला म्हणजे? न्यायाधीश कधी झालात? मी "भंगारात घाला" कुठेही म्हटलेलं नाही, शब्द तोंडात घालू नका. माझा मुद्दा एवढाच की बांधणावळ, स्पोक, हब, रिम सगळी बेरीज केली की त्यात थोडी भर टाकून चायनीज कार्बनचा सेट येतो, हलका आणि वर एअरो (हवा कापणारा). फिरणारं वजन कमी झालं की घाटात काय फरक पडतो हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळतं. बाकीच्यांनी सरकारी रिमच फिरवाव्यात.

बोपदेव_रोजचा:
चला, हिशोबच करू. रिम दोनशे ग्रॅम हलकी, माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो. म्हणजे पाव टक्क्याहून कमी. सिंहगड पन्नास मिनिटांत चढणाऱ्याला वाचले सात सेकंद. सात! वर जाऊन पिठलं-भाकरीची ऑर्डर देण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो. आणि ते "फिरणारं वजन" वेग वाढवताना मोजायचं असतं, एकसारख्या चढावर ग्रॅम म्हणजे ग्रॅम, मग तो रिमवर असो की पोटावर. एअरोचं म्हणाल तर हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, चाळीसने जाणाऱ्याला पन्नास मिमी कामाची. २०० च्या ब्रेवेला साडेतेरा तास मिळतात, सरासरी पंधराच्याही खाली गेली तरी माणूस पास होतो. त्याला एअरो?

कंदीपेढा:
पन्नास मिमी घेऊन या एकदा साताऱ्याला. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर नेतो. पवनचक्क्या तिथे शोभेला नाही उभ्या केलेल्या. माझ्या एका मित्राचं पुढचं चाक वाऱ्याने असं काही वळवलं की गडी रस्ता सोडून थेट गवतात, वर म्हणतो हँडल आपोआप फिरलं. नंतर त्याने पुढे तीसची रिम टाकली, मागे पन्नासच ठेवली, आता दोन वेगवेगळ्या लग्नातले बूट घातल्यासारखी दिसते सायकल पण गडी गवतात जात नाही.

वॅट_मीटर:
मित्राला हँडल धरायला शिकवा.

कंदीपेढा:
तो ६०० ची ब्रेवे चाळीस तासांच्या आत संपवून आलाय. तुम्ही कितीची केलीत ते लिहा, मग शिकवू.

डबलबार_काका:
मुलांनो, एवढी भांडाभांडी कशाला? आम्ही घोडा सायकलवर पोती वाहिली, मागे चाळीस तारा, पुढे बत्तीस, लोखंडी धाव, आणि वर्षातून एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून आणायचा. तो मिस्त्री चाकाला नुसतं बोट लावायचा, तारेचा आवाज ऐकायचा आणि किल्लीचा पाव फेरा द्यायचा. ना ताण मोजायचं मीटर, ना यूट्यूब. आता तुमचे ते बिल्डर मीटर लावून हजारो रुपये घेतात आणि महिन्यात चाक पुन्हा आऊट. रिम कुठली घ्यायची ते नंतर बघा, आधी आऊट काढणारा शोधा.

पहिली_ब्रेवे:
काका, हाच तर प्रॉब्लेम आहे माझा. आधीचं चाक एका मोठ्या दुकानात बांधून घेतलं होतं, नाव नाही लिहीत. दिसायला एकदम सरळ होतं. दोनेक महिन्यांत मागच्या चाकाचे डाव्या बाजूचे स्पोक हाताला ढिले लागायला लागले आणि मग एक कोपराशी तुटला. दुकानदार म्हणाला तुमचं वजन जास्त आहे. भर दुकानात, आठ माणसांसमोर.

बोपदेव_रोजचा:
वजनावर ढकलायचं, हा या धंद्यातला ठरलेला डायलॉग आहे. स्पोक कोपराशी तुटतो तो ताणाने नाही तुटत, ढिला असतो म्हणून दर फेऱ्याला सैल-घट्ट, सैल-घट्ट होऊन थकतो. मागच्या चाकात कॅसेटमुळे (गिअरच्या चकत्यांमुळे) उजवी बाजू उभी पडते, डाव्या बाजूचा ताण कसाबसा उजवीच्या निम्मा भरतो. उजवीकडे ११०-१२० किलोपर्यंत नेलं नाही तर डावीकडे काही उरतच नाही. चाक सरळ असणं आणि चाक ताणलेलं असणं या दोन गोष्टी आहेत काका, तुमच्या मिस्त्रीच्या कानाला सरळपणा कळतो, ताण किती किलो ते नाही कळत.

डबलबार_काका:
कानाला कळत नाही? तबलजी मीटर लावून तबला लावतो का?

यूट्रेख्तवासी:
मी मध्ये पडतो, इथे हॉलंडमध्ये घरीच चाकं बांधतो. काकांचं निम्मं बरोबर आहे. एकाच बाजूचे, एकाच जाडीचे स्पोक एकमेकांच्या तुलनेत सारखे आहेत का हे कानाने उत्तम कळतं, काही वेळा मीटरपेक्षा लवकर. पण तो सूर किती किलोचा हे लांबी आणि जाडीवर अवलंबून, स्पोक बदलला की सूर बदलला. मिस्त्री आयुष्यभर एकच हब, एकच तार, एकच रिम बांधत होता म्हणून त्याचा कान पक्का होता. त्याला आज सीएक्स-रेचा चपटा स्पोक द्या आणि बघा.

डबलबार_काका:
त्याला काहीही द्या, तो बांधेल.

वॅट_मीटर:
काका, घोडा सायकलची धाव लोखंडी होती, ब्रेक सळईचा होता, आणि पावसात तो ब्रेक लागायचाच नाही. हे पण सांगा ना पोरांना.

डबलबार_काका:
लागायचा. पाय होते ना.

बोपदेव_रोजचा:
मीटरवाल्यांनीही फार उड्या मारू नका. तो पार्क टूलचा निळा टीएम-१ ताणमापक सगळ्यांच्या हातात दिसतो, पण काट्यावर येतो तो आकडा किलो नसतो, तक्त्यात स्पोकची जाडी बघून किलो काढावे लागतात. माझ्यासमोर एका बिल्डरने १.८ च्या स्पोकला २.० चा कॉलम वाचला आणि छातीठोकपणे सांगितलं "एकशेवीस आहे सर". आणि ताण भरल्यावर जवळपास समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून करकचून आवळायच्या असतात, मग पुन्हा आऊट काढायचा, असं दोनतीनदा. हे कुणी करतच नाही. मग पहिल्या राईडला चाकातून टिंग टिंग ऐकू येतं आणि लोक म्हणतात रिम खराब निघाली.

डबलबार_काका:
मिस्त्री हे करायचा. मुठीनेच.

बोपदेव_रोजचा:
मग तुमच्या मिस्त्रीला माझा दंडवत. पत्ता द्या.

डबलबार_काका:
दुकान गेलं, आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात.

रत्नांग्रीकर:
पुणेकरांचं कान-मीटर झालं असेल तर निपलवर बोला जरा, वरती एका ओळीत उरकलंत. वजन वाचवायला अ‍ॅल्युमिनियमची निपल घालून चाक बांधलं होतं, लाल रंगाची, घरात सगळ्यांना दाखवून झाली. आमच्याकडची खारी हवा आणि वर पाऊस. एक पावसाळा गेला, आऊट काढायला किल्ली लावली तर निपल फिरेचना, भोवती पांढरी भुकटी, जोर लावला तर डोकं तुटून रिमच्या आत गेलं आणि आता चाक फिरवलं की खुळखुळतं. आणि कार्बन रिममध्ये तर अ‍ॅल्युमिनियम निपल अजूनच लवकर सडतं, कारण कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये ओल आली की झालाच बॅटरी सेल. पितळ म्हणजे पितळ. दोन चाकांचे वाचून वाचणार पस्तीस-चाळीस ग्रॅम, तेवढा आमचा एक आमसुलाचा पुडा.

वॅट_मीटर:
बरं बाबा, पितळ घ्या, तांबं घ्या. पण कार्बन म्हणजे राक्षस असं जे चित्र रंगवलं जातंय ते चुकीचं आहे. डिस्क ब्रेकवर रिम झिजतच नाही, वर्षानुवर्षं टिकते. सगळं जग डिस्कवर गेलंय.

कंदीपेढा:
त्याच्याकडे डिस्क नाही!!! पहिल्या पोस्टपासून लिहिलंय. रिम ब्रेकवर कार्बन क्लिंचर (साध्या ट्यूब-टायरची कार्बन रिम) घेऊन पसरणी घाट उतरा, पुढे एसटी, तिच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर, ओव्हरटेकला जागा नाही, पांचगणीपासून वाईपर्यंत ब्रेक धरूनच. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता पसरवून टाकतं, कार्बनमध्ये ती ब्रेकच्या पट्ट्यातच साठते, राळ मऊ पडली की रिमची भिंत बाहेर फुगते. म्हणून तर कित्येक कंपन्या कार्बन रिम ब्रेकवर लॅटेक्स ट्यूब घालू नका म्हणून स्पष्ट लिहितात. आणि ओल्यात ते ब्रेक आधी विचार करतात, मग लागतात.

यूट्रेख्तवासी:
डिस्कवाल्यांनी घेताना हुकलेस (टायरची कड पकडणारा आकडा नसलेली रिम) आहे का तेही बघा. हुकलेसला कमाल ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या जरा वर. आपल्याकडे पेट्रोल पंपावर किंवा फ्लोअर पंपाने सवयीने शंभर मारणारे खूप आहेत, नव्वद किलोचा माणूस तर हमखास. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये टॉमस डी गेंट या रायडरचा टायर हुकलेस रिमवरून निघाला आणि तो पडला, २८ चा टायर आतून २५ मिमीच्या रिमवर होता. टीम म्हणाली रिमला दगड लागला असावा, पण त्यानंतर रायडर्सच्या संघटनेनेच हुकलेसविरुद्ध आवाज उठवला. स्वस्तातल्या कार्बन सेटच्या जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं.

वॅट_मीटर:
ठीक. रिम ब्रेक, नव्वद किलो, घाट, पाऊस, तर अ‍ॅल्युमिनियम. जिंकलात, पेढे वाटा, कंदीच वाटा. पण ३२ भोकं तरीही जास्तच होतात, कंपन्या २४ वर देतात आणि चालतात.

बोपदेव_रोजचा:
२४ मध्ये एक स्पोक तुटला की चाक एवढं वाकतं की ब्रेकला घासून थांबतंच, रात्री दोन वाजता महामार्गावर बसा मग टॅक्सी शोधत. ३२ मध्ये तुटला तर ब्रेकची कळ उघडायची, तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळायचा आणि घरी यायचं. आठ स्पोक म्हणजे पन्नासेक ग्रॅम.

पहिली_ब्रेवे:
धन्यवाद सगळ्यांना, भांडलात त्यांना पण. आर ४६०, ३२/३२, पितळ. एकाने मॅव्हिकची ओपन प्रो रिम पण सुचवली होती मेसेजमध्ये, ती घेऊ नको ना?

बोपदेव_रोजचा:
जुनी असेल तर आतून १५ मिमी, २८ चा टायर त्यावर फुग्यासारखा बसेल. नवी रुंद आहे, पण मॅव्हिक २०२० मध्ये कोर्टात जाऊन मालक बदलून आलेली कंपनी, इथे सुटी रिम वेळेवर मिळेलच याची मला खात्री वाटत नाही. आर ४६० च घे, आणि एक जास्तीची रिम आत्ताच घेऊन माळ्यावर टाक, रिम ब्रेकच्या चांगल्या रिमा दरवर्षी कमीच होतायत. स्पोक मात्र रिम हातात आल्याशिवाय मागवू नकोस. दोन जुने स्पोक माहीत असलेल्या लांबीचे, त्यांना निपल लावून समोरासमोरच्या भोकांत घाल, मधलं अंतर मोज, दोन्ही लांब्या मिळव, तीनचार ठिकाणी करून सरासरी काढ. वेबसाइटवरचा ईआरडी कुणी कुठून मोजलाय काही नेम नसतो.

डबलबार_काका:
आणि बांधून झालं की एकदा मला आवाज ऐकव. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलास तरी चालेल.

वॅट_मीटर:
काका, फोनवर स्पोकचा सूर मोजायचं अ‍ॅप आहे.

डबलबार_काका:
मग आतापर्यंत भांडत काय होतास?