रेम्ब्रांटच्या चित्रांतील स्त्रीदेह कुरूप का ठरवला गेला?

कलाविद्यार्थिनी, जळगाव
नमस्कार. युरोपीय चित्रकारांनी स्त्रीचा देह नेहमी आदर्श करूनच रंगवला, असे आम्हाला वर्गात शिकवले गेले. परंतु परवा ग्रंथालयात डच चित्रकार रेम्ब्रांटचे १६३१ च्या सुमाराचे एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेले चित्र, पाहिले. त्यातील उंचवट्यावर बसलेल्या विवस्त्र स्त्रीचे पोट सुटलेले आहे, स्तन ओघळलेले आहेत आणि ती सरळ आपल्याकडे पाहते आहे. या चित्रांना त्या काळी कोणी नावे ठेवली होती का?

निवृत्त चित्रकला शिक्षक, धुळे
ठेवली होती, आणि तीही जाहीरपणे. आंद्रिस पेल्स या डच कवीने रेम्ब्रांटच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, म्हणजे १६८१ साली, पद्यातच तक्रार केली की या चित्रकाराने नग्न स्त्री काढताना ग्रीक व्हीनस, म्हणजे सौंदर्यदेवता, न निवडता एखादी धोबीण निवडली; ढिले स्तन तर काढलेच, पण पोटावरचे काचोळीच्या दोऱ्यांचे आणि पायांवरचे मोजेबंदांचे वळसुद्धा सोडले नाहीत. मला ही तक्रार फार मोलाची वाटते, कारण दोष म्हणून नोंदवलेली प्रत्येक गोष्ट नीट पाहिल्याशिवाय काढताच येत नाही. आपल्या शिक्षकांचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे, फक्त ‘नेहमी’ हा शब्द चुकीचा आहे.

परिचारिका, भुसावळ
सरांनी वळांचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमच्या प्रसूती विभागात कपाशी वेचून थेट आलेल्या बायका तपासणीसाठी आडव्या होतात, तेव्हा कमरेभोवती परकराच्या नाडीचा करकोचा काळपट, खोल उमटलेला असतो; वर्षानुवर्षे एकाच जागी नाडी आवळल्याने तिथली कातडी राठ होते. असा देह कुठल्याही चित्रात मी पाहिलेला नव्हता. रेम्ब्रांटच्या १६५४ च्या ‘बाथशेबा’मध्ये (बायबलमधील दाविद राजाने बोलावून घेतलेली स्त्री) मात्र पोटाची घडी आहे, जड मांड्या आहेत आणि हातात राजाचे पत्र धरून खाली झुकलेला विचारमग्न चेहरा आहे. तिच्या डाव्या स्तनावरील छटेवरून काही डॉक्टरांनी कर्करोगाचा तर्कही केला. तो सिद्ध झालेला नाही; तरी रंगवलेल्या देहाकडे डॉक्टरांनी रुग्णासारखे पाहावे, इतका तो खरा उतरला आहे.

निवृत्त चित्रकला शिक्षक, धुळे
ताई, आपले निरीक्षण मी जपून ठेवतो. विद्यार्थिनीने जर्मन चित्रकार ड्यूररने १५१४ साली कोळशाने काढलेले आपल्या आईचे चित्रही अवश्य पाहावे. अठरा बाळंतपणे सोसलेली त्रेसष्ट वर्षांची ती बाई, गळ्याच्या ताणलेल्या शिरा आणि कातडीखाली उठून दिसणारी गळपट्टीची हाडे मुलाने कुठेही मऊ केलेली नाहीत. दोनच महिन्यांनी ती वारली. तेव्हा आधी कोळशाचाच सराव करा, आणि ज्या देहावर आपली माया आहे त्यापासून सुरुवात करा.

कलाविद्यार्थिनी, जळगाव
सर, ताई, मनापासून आभार. आजीला विचारले. गुडघे दुखतात म्हणून ती खाली बसणार नाही, परंतु ओट्यावर पाय सोडून अर्धा तास बसायला तयार आहे.