मदत हवी आहे: लग्नाला २५ वर्षं, बायकोला थंड डोंगरात न्यायचंय, पण म्हैस फक्त तिच्याच हातानं पान्हवते

संत्रावाला:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही वरुडजवळच्या खेड्यातले, संत्र्याची बाग आणि थोडी पऱ्हाटी, तूर. येत्या १७ मेला आमच्या लग्नाला २५ वर्षं होतात. २००१ चं लग्न, भर मे महिना, मांडवात अशी लाही लाही का पंगतीतून दोन पाहुणे चक्कर येऊन पडले, एक तर माझाच मामा. तेव्हापासून बायको दरवर्षी एकच म्हणते, "मले शालू नको न पाटल्या नको, एकडाव थंडी द्या." चोवीस वर्षं हसण्यावारी नेलं, यंदा द्यायची ठरवली.

आता अडचणी ऐका. बाग मृग बहारासाठी ताणावर सोडलेली आहे म्हणून पाण्याच्या पाळ्या नाहीत, तेवढं बरं. पण मे संपायच्या आत वखरणी, शेणखत, बियाण्याची धावपळ, मृग लागला का मग मरायला वेळ नाही. म्हणून १५ ते २० मेच्या मधातच काय ते बसवायचं. बजेट २५ हजार, ओढूनताणून ३०. बायकोचे गुडघे दुखतात आणि घाटात तिला गाडी लागते. मेव्हण्याची वॅगन-आर मिळते, एसी चालला तर चालला.

पोरगा पुण्याला कंपनीत आहे, तो म्हणतो मनालीला जा, बुकिंग मी करतो. मेव्हणा म्हणतो एवढा जवळ चिखलदरा असताना कायले पैसे जाळता. माझ्या डोक्यात मध्य प्रदेशातली पचमढी पण आहे. कोणी मे महिन्यात गेलं असेल तर सांगा.

आणि मेन अडचण शेवटी सांगतो, हसू नका. घरी एक म्हैस आहे, दोन्ही टाइमचं मिळून सात लिटर देते आणि ती बायकोशिवाय कोणालेच पान्हवत नाही. मी बसलो का पान्हा चोरते नाहीतर बादलीले लाथ. आईचे हात आता चालत नाहीत. त्यामुळे किती रात्री बाहेर राहता येईल हे आमच्या घरी म्हैस ठरवते. बायकोला अजून काही सांगितलं नाही, सरप्राइज ठेवायचा विचार आहे.

परतवाडेकर:
भाऊ, मी चिखलदऱ्याच्या पायथ्याशी राहतो, आमचं पोट त्याच्यावर आहे, तरी सांगतो मे महिन्यात नको येऊ. भीमकुंडात भीमानं कीचकाला मारून रक्ताचे हात धुतले म्हणतात, मे मध्ये या तर तुमचे हात धुवायला पाणी भेटत नाही तिथं, नुसता काळा कातळ. धबधबे सगळे आटलेले, वर पाण्याची मारामार. अकराशे मीटरवर आहे गाव म्हणून रात्री बरं वाटते, चादर लागते कधी कधी, पण दुपारचं ऊन लागतेच. अन शनवार-रविवार अख्खी अमरावती न अकोला वर चढून येते, देवी पॉइंटवर गाडी लावायला जागा नसते. तुम्ही श्रावणात या, ढग खिडकीतून खोलीत येते, गाविलगड दिसतच नाही इतकं धुकं. तवा घाटात गाडी पण हळू चालते, वहिनीले त्रास कमी.

पुण्यातला अकोलेकर:
पंचविसावा वाढदिवस आहे दादा, एकदाच येतो. मुलगा बरोबर सांगतोय, मनालीच करा. मे महिन्यात रोहतांगला बर्फ हातात घेता येतो, अटल टनेल २०२० साली सुरू झाला तो ९ किलोमीटरचा आहे, अलीकडे हिरवं आणि पलीकडे लाहौलमध्ये एकदम उघडे डोंगर, असं वाटतं दुसऱ्या देशात आलो. वहिनींनी थंडी मागितली आहे ना, मग खरी थंडी द्या. आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, बायको अजून फोटो बघते.

नागपुरी तर्री:
अकोलेकर भौ, तुम्ही म्हैस वाचली का नाही? जरा दिवस मोजा. वरुडहून नागपूर, नागपूरहून दिल्ली अकराशे किलोमीटर, पूर्ण रात्र गेली. दिल्लीहून मनाली सव्वापाचशेच्या वर, रात्रभर बसमध्ये घाटच घाट आणि वहिनीला घाटात गाडी लागते म्हणते माणूस. तेवढंच परत यायचं. म्हणजे नुसते चार दिवस गाडीत, मनालीत तीन दिवस थांबले तर आठवडा झाला, म्हैस आटली. शिवाय रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडते, आता एप्रिल लागला, मे मधल्या दिल्लीच्या गाड्यांना वेटिंग किती असेल ते तुम्हीच पाहा. रोहतांगला परमिट लागते ते वेगळंच.

पचमढी करा न बाप्पा. तुम्ही तर वरुडचे, तुम्हाला नागपूरला यायचं पण काम नाही, पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा, मग तामिया, मटकुली की पचमढी. सकाळी निघाले तर चार वाजता हॉटेलात चहा. रेल्वेनं जायचं तर इटारसीला उतरून जबलपूर लाइनवर पिपरिया, तिथून वर पन्नासेक किलोमीटर, पण तुम्हाला तो उलटा फेरा पडेल.

गोठेवाली ताई:
डोंगराचं बाकीचे सांगतील, मी म्हशीचं सांगते. घरी चार आहेत. दादा, तुमची म्हैस लाडावलेली आहे, दुसरं काही नाही, पण चार दिवस आधी हात बदलून भागणार नाही, निदान पंधरा दिवस लागतील. शेजारची नाहीतर घरातली एखादी बाई ठरवा, बाप्या नको. पहिले चार-पाच दिवस तिनं नुसतं वहिनींच्या बाजूला बसायचं, ढेप तिनंच टाकायची, अंगावरून हात फिरवायचा. मग दोन थानं वहिनींनी पिळायची, दोन तिनं. मग वहिनींनी नुसतं समोर उभं राहायचं. मग तेही नाही. वहिनींचं जुनं लुगडं नेसून बसली तर अजून बरं, म्हशीला वास कळतो. वेळ बदलायची नाही आणि वगार आधी सोडायची तशीच सोडायची.

आणि एक, कोणी सांगेल पान्हा सुटायचं इंजेक्शन मारा, ते अजिबात नाही. एक तर त्याला बंदी आहे आणि जनावराचे हाल होतात. न पिळता तसंच ठेवलं तर कास दगडासारखी होते, मग डॉक्टर, मग सातच्या जागी चार लिटर. म्हणून सरप्राइज विसरा, वहिनींना आजच सांगा, त्यांच्याशिवाय हे होणार नाही.

विहिरीवरचा:
म्हैसच घेऊन जा पचमढीला, तिचं पण लग्न झालं नसेल 😂

संत्रावाला:
ताई, तुमचं वाचून रात्रीच सांगून टाकलं. आधी तर विश्वासच नाही, म्हणे पेलात का कुठं. मग पचमढी म्हटलं तर तोंड उतरलं. म्हणे, "महादेवाले? परत?" झालं असं का ती बारा-तेरा वर्षांची असताना माहेरच्या लोकांसोबत शिवरात्रीच्या यात्रेत पचमढीजवळच्या महादेवाच्या डोंगरावर, चौरागडाला गेली होती. आजोबांच्या खांद्यावर त्रिशूळ, हिच्या डोक्यावर शिदोरीचं गाठोडं, हर बोला महादेव करत तेराशे पायऱ्या. "म्या डोंगर पाह्यलाच नाही, पुढच्या बाईच्या टाचा पाह्यल्या, भेगा पडलेल्या. वर गेलो, त्रिशूळ ठेवला, उतरलो, ट्रकात बसलो." हे तिचं पचमढी. आता तिला कसं पटवू का तीच जागा दुसऱ्या तऱ्हेनं पाहता येते, आणि मुळात येते का? पायऱ्या नसलेली पचमढी आहे का कुठं?

नागपुरी तर्री:
आहे न. यात्रेचे लोक पचमढीत राहून पचमढी पाहत नाहीत, आमच्या घरचे पण तसेच, नागपंचमीला नागद्वारीला जातात, गुडघाभर चिखलात चालतात आणि येऊन सांगतात पचमढी झाली. वहिनीला सांगा धूपगड. अख्ख्या सातपुड्यात त्याच्याहून उंच काही नाही, साडेतेराशे मीटर, आणि वरपर्यंत जिप्सी जाते. आपली गाडी नेता येत नाही, बायसन लॉजला परवाना काढायचा आणि तिथलीच जिप्सी करायची. सूर्य बुडताना रांगेमागं रांग दिसते, पुढची निळी, मागची फिकट, कट्ट्यावर बसून राहायचं, बस.

हांडी खोह, प्रियदर्शिनी, राजेंद्रगिरी हे गाडीतून उतरलं की समोर. बडा महादेवची गुहा पण सपाट आहे, आत गार पाणी टपकते. बी फॉलला मात्र नेऊ नका, फोटो पाहून मोह होतो पण उतरायला पायऱ्याच पायऱ्या आणि चढताना गुडघे बोलतात. जटाशंकरलाही उतरावं लागते, त्यांना झेपलं तर पाहा. दुपारी ऊन असते हे खोटं सांगत नाही, दुपारी झोपा, सकाळ-संध्याकाळ फिरा. छावणीचं गाव आहे, रस्ते स्वच्छ, झाडी दाट, जेवण झाल्यावर नुसतं चालत जायलाच मजा येते.

आणि १७ ला रविवार आहे. शनिवारी गेले तर खोली दुप्पट भावात. रविवारी सकाळी दूध काढून निघा, तुम्ही संध्याकाळी वर पोचाल तवा गर्दी खाली उतरत असेल. सोमवार, मंगळवार तुमचे, बुधवारी परत. तीन रात्री. म्हशीलाही परवडेल.

रिटायर कंडक्टर:
एसटीत तीस वर्षं काढली, लोकांच्या उलट्या पाहण्यात अर्ध आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. सूनबाईंना पुढच्या सीटवर बसवा, काच खाली, नजर दूर रस्त्यावर, मोबाइल पर्समध्ये. उपाशी पोटी निघायचं नाही आणि तर्री-आलूबोंडा खाऊनही नाही, इथंच लोक चुकतात, छिंदवाड्यात गरम समोसा दिसला की राहवत नाही आणि पुढं तामियाचा घाट. कोरडी पोळी, मुरमुरे, लिंबू. अव्होमिनची गोळी घाटाच्या तासभर आधी घेतात, पण बीपी-शुगरचं काही चालू असेल तर आपल्या डॉक्टरला विचारूनच. तामियाला गाडी थांबवा, पाय मोकळे करा, तिथूनच खाली पातालकोटाकडची दरी दिसते, त्यातच अर्धा प्रवास वसूल. आणि गाडी तुम्ही चालवणार तर वळणावर वीर होऊ नका, निम्म्या उलट्या ड्रायव्हरमुळे होतात.

परतवाडेकर:
एक राह्यलंच. यंदा १७ मेपासूनच अधिक महिना लागून राह्यला न? मंग सासरवाडीवरून धोंड्याचं बोलावणं येईन, जावई पचमढीत न अनारसे वरुडात असं होईन भाऊ 😀

संत्रावाला:
अरे हो, हे तर लक्षातच नव्हतं! पण तेच कामाला आलं. आईला वाटत होतं का म्हातारपणी काय हे हिंडणं, लोक काय म्हणतील. तिला म्हटलं अधिक महिन्यात महादेवाच्या पायाशी चाललो, तर स्वतःच म्हणाली जा, मी राहीन घरी, माझ्याकडून एक नारळ फोड. सासऱ्यांना सांगितलं धोंडा महिनाभर खाता येते, पंधरा जूनच्या आत केव्हाही येतो.

बायकोनं एक अट घातली, त्रिशूळ नाही, गाठोडं नाही, एकही पायरी नाही. म्हशीसाठी चुलतभावाची बायको तयार झाली आहे, तिच्या घरी बकऱ्या आहेत म्हणून जनावराची भीती नाही. उद्यापासून ताई तुमच्या पद्धतीनं ट्रेनिंग चालू. खोली पोरानं बुक केली, मनाली नाही म्हणून दोन दिवस फुगून होता.

संत्रावाला:
जाऊन आलो मंडळी, सांगायला उशीर झाला, आल्या आल्या वखरणीत गुंतलो.

घाटात एकदाच थांबावं लागलं, ते पण मटकुलीच्या पुढं, कंडक्टर काका तुमची काच खाली आणि लिंबू कामाला आलं. एसी सौंसरपर्यंत चालला. पहिल्या रात्री तिनं खिडकी उघडी ठेवली आणि पहाटे उठून शाल घेतली, मे महिन्यात शाल, मला उठवून दाखवली. धूपगडला सूर्य बुडाल्यावर सगळे उठले, ही काही उठेना, जिप्सीवाला हॉर्न मारून राहिला. कट्ट्यावरून चौरागड कुठं आहे ते बाजूच्या माणसाला विचारलं, त्यानं बोट दाखवलं, तिकडं पाहत बसली. म्हणे, "एवढा मोठा हाय हा? म्या याच्यावर चढली होती?" मग म्हणाली उतरताना आजोबांनी एक पेरू घेऊन दिला होता, ते आत्ता आठवलं.

बी फॉलला नाही गेलो. खर्च २२ हजारात भागला, पेट्रोल धरून.

आता म्हशीचं. पहिल्या दिवशी सकाळी लाथ मारून बादली पाडली, संध्याकाळी अर्धंच दूध दिलं. भावाची बायको घाबरून फोन करून राहिली आणि वर रेंज नाही. मग तिनं बायकोचं लुगडं नेसलं तर दुसऱ्या दिवसापासून साडेपाच लिटरवर आली. आम्ही परतलो तेव्हा सहा. ताई, कास ठीक आहे, डॉक्टरलाही दाखवलं.

आता भाऊ आणि भावाची बायको म्हणतात दिवाळीनंतर आम्ही पण जातो, तुम्ही आमच्या बकऱ्या पाहा. अकरा आहेत. त्यातला बोकड मारका आहे, त्याच्यासाठी कोणाकडे काही उपाय असेल तर इथंच लिहा, वेगळा धागा काढत नाही.